बडिंगच्या गावचे म्हातारे इंजिन

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने लंडनचा टॉवर, वेस्टमिन्स्टरचे घड्याळ आणि टेम्स नदी यांवर चार पाने लिहावीत, अशी आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. ती मोडल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. गेल्या उन्हाळ्यात मी पुरे तीन महिने विलायतेत राहून आलो. टॉवर मी बसच्या खिडकीतून पाहिला. घड्याळ पाहिले तेव्हा पाऊस पडत होता. उरलेला बहुतेक वेळ मी एका शेजाऱ्याच्या लाकडी खोपीत, गवत कापण्याच्या एका जुन्या यंत्रापुढे उलट्या बादलीवर बसून घालवला. "तिकिटाला एवढे पैसे घातले आणि हे तिथेही हात काळे करून आले," असे आमची सौ. अजून आल्यागेल्याला सांगते. तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. परंतु त्या खोपीत मला एक धडा मिळाला, आणि तो सत्तराव्या वर्षी मिळावा याची थोडी शरमही वाटली. तो सांगण्यासाठीच हा प्रपंच.

माझा धंदा इंजिनदुरुस्तीचा. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावी बाजाराच्या टोकाला माझे पत्र्याचे दुकान होते. विहिरीवरची, गुऱ्हाळावरची, पिठाच्या गिरणीवरची डिझेल इंजिने माझ्याकडे येत. खरे म्हणजे मीच सायकलला पिशवी अडकवून त्यांच्याकडे जात असे. बहुतेक इंजिने 'लिस्टर'ची, किंवा त्या धर्तीवर राजकोटला केलेली. मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन बाजूंना दोन जड चाके, आणि आवाज असा की शेतकऱ्याने घरी भाकरी खाताखाता ओळखावे, आपले पाणी चालू आहे की थांबले. पुढे खेडोपाडी वीज आली, मोटारी आल्या, इंजिने भंगारात गेली. दुकानाला कुलूप लागले त्याला आठ वर्षे झाली. मुलगी शिकून विलायतेस गेली. तिला ग्रीसचा वास लहानपणापासून सोसत नाही.

ती आणि जावई राहतात ते ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड या गावी. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून आगगाडीने दीड तासाचा रस्ता. कॉट्सवोल्डच्या टेकड्या इथे संपत येतात आणि पाच अरुंद दऱ्या एकत्र मिळतात. गाव त्या उतारांवर असे चिकटले आहे की दूध आणायला गेलेला माणूस परत येताना दोनदा थांबतो. घरे मधाच्या रंगाच्या दगडाची. खाली फ्रूम नावाची नदी. आपण तिला ओढाच म्हणू. पण ह्या ओढ्याने एके काळी लोकरीच्या कापडाच्या कितीतरी गिरण्या फिरवल्या. लाल डगल्यांच्या ज्या पलटणी जगभर गेल्या, त्यांच्या लाल कापडाबद्दल ह्या खोऱ्याची ख्याती होती. गिरण्यांच्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. आत कोठे कचेऱ्या आहेत, कोठे बिऱ्हाडे.

शनिवारी सकाळी पाऊस नसला की ह्या गावात गवत कापण्याचा सोहळा सुरू होतो. आपल्याकडे सडासंमार्जन, तसे त्यांच्याकडे हिरवळ. घरापुढे नाहीतर घरामागे चार खाटांएवढी जागा असो, तिच्यावर एकसारखे बुटके गवत हवे, आणि त्यात फिकट व गडद हिरवे पट्टे हवेत. पट्टे कसे पडतात हे मला प्रथम कळेना. वाटले, दोन जातींचे गवत पेरत असावेत. मग पाहिले, यंत्रामागे लोखंडी रूळ असतो. जाताना तो गवत पुढे वाकवतो, येताना उलट्या बाजूला. वाकलेल्या पात्यावर उजेड वेगळा पडतो, एवढेच. एकच गवत, पण एका बाजूने फिकट दिसते आणि दुसऱ्या बाजूने गडद. माणसांचेही बहुधा असेच असते.

असा एका शनिवारी मी परसात उभा असताना कुंपणापलीकडून एक आवाज आला आणि माझे कान टवकारले. आजूबाजूला बॅटरीची यंत्रे मधमाश्यांसारखी गुणगुणत होती. हा आवाज मात्र धाप लागलेल्या माणसाचा होता. चार ठोके नीट, एक गाळलेला, मध्येच खळखळ, आणि मग निळा धूर कुंपण ओलांडून सौ.च्या वाळत घातलेल्या पातळावर आला. ती आत गेली. मी कुंपणाशी गेलो.

पलीकडे ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ यंत्राच्या दांड्याला धरून उभे होते. उंच, वाकलेले, कोटाची कोपरे शिवलेली. आयुष्यभर त्यांनी ह्याच दऱ्यांत टपाल वाटले होते. माझे इंग्रजी इंजिनाच्या पुस्तकातले. त्यात ख्यालीखुशाली विचारायची सोय नाही. म्हणून मी सरळ म्हणालो, "आत तेल जळते आहे."

"दुकानदारही तेच म्हणाला," ते म्हणाले. "आणि म्हणाला, भंगारात घाला. तुम्हांला काय वाटते?"

"उघडल्याशिवाय कसे सांगू?"

"मग उघडा," म्हणून त्यांनी कुंपणाचे फाटक उघडले.

यंत्र 'ॲटको' होते. १९५० नंतरच्या काही वर्षांतले, गडद हिरव्या रंगाचे. बर्मिंगहॅमच्या चार्ल्स एच. प्यू कंपनीने १९२१ साली ह्या नावाचे पहिले मोटारचे यंत्र विक्रीस काढले, आणि हिरवळीमागे घोडा किंवा नोकर न बाळगणाऱ्या मध्यम माणसाच्याही परसात इंजिन आले. इंजिन वुल्व्हरहॅम्प्टनच्या 'विलियर्स'चे: एक सिलिंडर, हवेने थंड होणारे, झडपा बाजूला. विलियर्स हे नाव वाचून मला जुना सोयरा भेटल्यासारखे झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत मद्रासच्या एन्फील्ड कारखान्याने 'फँटॅब्युलस' नावाची एक स्कूटर काढली होती, तिच्यात विलियर्सचेच इंजिन होते. तसली एक स्कूटर उमेदवारीच्या दिवसांत माझ्या हाताखालून गेली होती. वुल्व्हरहॅम्प्टनचा कारखाना १९५६ पर्यंत वीस लाख इंजिने करून मोकळा झाला होता. आज तो कारखाना नाही. इंजिने मात्र अजून कुठेकुठे धापा टाकीत आहेत.

हे यंत्र शेजाऱ्यांच्या वडिलांनी घेतले. पोरवयात शेजारी गवताची पेटी रिकामी करीत मागे चालत. लग्न झाल्यावर बायकोने पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले, "तुमचे पट्टे वाकडे येतात," आणि यंत्र आपल्या ताब्यात घेतले. पुढची कितीतरी वर्षे तीच चालवीत असे. नवऱ्याकडे फक्त पेट्रोल भरायचे काम. ती गेल्याला तीन वर्षे झाली होती. मुलाने बॅटरीचे नवे यंत्र पाठवले होते. त्याचे खोके खोपीच्या कोपऱ्यात न उघडलेले पडले होते, आणि त्याच्यावर कांदे वाळत घातले होते.

पहिल्या दिवशी मी फक्त तपासणी केली. चाक हाताने दाबाविरुद्ध झुलवून पाहिले. चांगल्या इंजिनाचे चाक चेंडूसारखे उसळून मागे येते. हे गादीत रुतल्यासारखे झाले. मग प्लग काढून आत चमचाभर तेल सोडले, प्लग परत लावला आणि पुन्हा झुलवले. चाक उसळले. ही आमची जुनी नाडीपरीक्षा. तेलाने दाब वाढला तर झडपा बऱ्या आहेत, रोग पिस्टनच्या रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत आहे; न वाढला तर झडपा गळताहेत किंवा पॅकिंग फुटले आहे.

दुसऱ्या दिवशी खोलायला बसलो तो पहिल्याच नटाशी गाडी अडली. जावयाचा चकचकीत पान्यांचा संच मिलिमीटरचा. एक सैल बसे, दुसरा बसेना. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने १८४१ साली इंग्लंडातल्या स्क्रूंच्या आट्यांना एक शिस्त लावून दिली, आणि जुनी यंत्रे ती अजून पाळतात. त्या पान्यांची गंमत अशी, की त्यांच्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. नवखा माणूस हमखास फसतो. शेजाऱ्यांनी वडिलांचा ड्रॉवर ओढला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले व्हिटवर्थ पाने ओळीने निजले होते. गुरुजींच्या हातच्या तसल्याच पान्यांवर मी धंदा शिकलो. हात लावताच ते हाताला ओळखीचे लागले.

हेड निघाले. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर एवढा की लाकडी पट्टीने खरवडावा लागला. झडपा काढून पेस्ट लावून घासल्या. बैठकीवर चहूकडून सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. घासल्यावर झडप किंचित खाली बसते आणि तिच्या दांडीखालची फट कमी होते, म्हणून दांडीचे टोक केसभर घासून फट पुन्हा जुळवली. कनेक्टिंग रॉडचे खालचे तोंड मायक्रोमीटरने चारी बाजूंनी मोजले. ह्या रॉडचे ॲल्युमिनियमच क्रँकच्या पिनीवर थेट फिरते, त्यात वेगळे बेअरिंग नसते. झिजले तर रॉडच गेला. तिथे नशीब बरे होते. मग पिस्टन बाहेर आला. रिंगा मरून पडल्या होत्या. धारा गोल झालेल्या, तोंडे फाकलेली.

आणि मग मी सिलिंडरमध्ये बोट घातले.

वाचकहो, इथे थोडे थांबून सांगतो. पिस्टन वर-खाली धावतो तेव्हा सर्वांत वरची रिंग जिथवर पोचते तिथवरच भिंत झिजते. त्याच्या वर सूतभर पट्टी कोरी राहते. झिजलेला भाग आणि कोरा भाग यांच्यामध्ये एक काठ तयार होतो. डोळ्यांना तो दिसेलच असे नाही, नखाला लागतो. आमचे गुरुजी म्हणत, मायक्रोमीटर नंतर काढा, आधी नख वापरा. त्या दिवशी माझ्या नखाला काठ लागला. चांगला अडखळला.

काठ लागला की पुढचा मार्ग ठरलेला असतो. सिलिंडर मोठा कापायचा आणि वाढीव मापाचा पिस्टन घालायचा. पण शेजारी समोर उभे होते. त्यांनी विचारले, "नुसत्या रिंगांनी भागेल?" त्यांच्या आवाजात उत्तर आधीच भरलेले होते. माझे परतीचे तिकीट सहा आठवड्यांवर आले होते. बोअर कापून देणारे दुकान कुठे आहे ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर आठ वर्षांनी कोणी मला इंजिनाचे काही विचारत होते. त्याला 'नाही' म्हणणे जिवावर आले. मी रिंग सिलिंडरच्या तळाशी सरकवून तिच्या तोंडाची फट मोजली. तळाशी झीज नसतेच. फट आठ-नऊ थाऊ भरली. इंचाच्या बोअरला तीन-चार थाऊ ह्या हिशेबाने अगदी बरोबर. "भागेल," मी म्हणालो. वरच्या भागात मी मोजलेच नाही. मोजले असते तर कळले असते, आणि कळायला नको होते.

रिंगा टपालाने यायला आठवडा लागणार होता. मधल्या दिवसांत एकदा शेजारी म्हणाले, "चला, तुम्हांला ह्या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ दाखवतो." कालव्याच्या काठाने आम्ही थ्रपला चालत गेलो. स्ट्राउडपासून मैल-दीड मैल. बाजूला १७८९ साली पूर्ण झालेला टेम्स-सेव्हर्न कालवा. कुठे पाणी, कुठे वेत. दरीच्या उतारावर चार-दोन आळ्यांचे हे गाव. जगातले गवत कापण्याचे पहिले यंत्र इथे जन्मले.

त्याचे असे झाले. शेजारच्याच ब्रिम्सकम गावी जॉन ल्यूइस नावाच्या गिरणीवाल्याने १८१५ साली कापडाची लव कातरण्याचे यंत्र काढले होते. विणलेल्या लोकरी कापडावर केस उभे राहतात. ते सारखे कातरल्याशिवाय डगल्याला तकाकी येत नाही. रुळावर पिळासारखी बसवलेली पाती फिरतात, खाली एक पाते स्थिर असते, आणि दोहोंच्या मध्ये लव कात्रीत सापडल्यासारखी कापली जाते. एडविन बडिंग नावाचा कारागीर ह्याच खोऱ्यातल्या गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करी. त्याच्या मनात आले, कापडावरची लव कातरता येते, तर जमिनीवरची का नाही? तोवर हिरवळी विळ्याने कापत, तेही पहाटे दव असताना, कारण कोरडे गवत विळ्यापुढे मान टाकते. थ्रपच्या फिनिक्स लोहशाळेचा मालक जॉन फेराबी याने पैसा घातला, आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी बडिंगला पेटंट मिळाले. पहिले यंत्र एकोणीस इंच रुंदीचे, लोखंडाचे. लोक हसतील म्हणून बडिंग रात्री बाहेर काढून ते चालवून पाही, असे सांगतात. पहिल्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधले प्राणिउद्यान होते. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन ही यंत्रे केली. पुढे मोठ्या यंत्रांना घोडे जुंपू लागले; हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून घोड्यांना कातडी बूट घालीत. आपल्याकडे गोऱ्यांच्या जिमखान्यांवर हेच काम बैलांनी केले.

पेटंटाच्या कागदात बडिंगने लिहून ठेवले आहे, की गावोगावच्या सद्‍गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही मिळतील. मी शेजाऱ्यांना म्हटले, "म्हणजे घरच्या बाईच्या गळ्यात काम पडेल हे त्याला सुचले नाही." ते मोठ्याने हसले. मग बराच वेळ बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला यंत्राहूनही थोर वाटली. स्क्रू फिरवून जबडा मागेपुढे होणारा पाना, आपण ज्याला स्क्रूपाना म्हणतो, तसा एक सुरुवातीचा पाना ह्याच बडिंगने काढला. चाळीस वर्षे माझ्या मागच्या खिशात जे होते, ते ह्या ओढ्याकाठच्या माणसाच्या डोक्यातून आलेले! मी टोपी काढून उभा राहिलो. शेजाऱ्यांना वाटले, मला उकडते आहे.

रिंगा आल्या. तिन्हींची तोंडे एकमेकींपासून दूर ठेवून मी पिस्टन आत घातला, नवे पॅकिंग कापले, हेड आवळले, मॅग्नेटोचे पॉइंट साफ करून फट लावली. पेट्रोलही साधे घातले नाही. तिथे २०२१ पासून साध्या पेट्रोलात शेकडा दहापर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या वायसरांना ते बाधते. आमच्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून हेच इथेनॉल होते, तेव्हा ह्या पापात माझा गावही वाटेकरी आहे. दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागले. शेजाऱ्यांनी टाळी वाजवली. कुंपणाशी उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर, ती इंजिनाचा आवाज ऐकून हसते आहे, असे मी जन्मात प्रथम पाहिले.

मी मात्र हसलो नाही. ठोक्याठोक्यामागे एक बारीक आवाज येत होता: टिक, टिक, टिक. नवी रिंग चौकोनी धारेची असते. ती त्या काठावर दर फेऱ्याला डोके आपटत होती. शेजाऱ्यांना तो ऐकू येत नव्हता. मला दुसरे काही ऐकू येत नव्हते. वीस मिनिटांत धूर पुन्हा निळा झाला आणि मी स्वतःच इंजिन बंद केले. "काय झाले?" शेजारी म्हणाले. "थंड होऊ द्या," मी म्हणालो. इंजिनाला नव्हे, मला वेळ हवा होता.

त्या रात्री झोप आली नाही. मुलीने ओळखले. "बाबा, तुमच्या हातून काही मोडले का?" तिने विचारले. मी म्हटले, "मोडले नाही, लपवले." ती म्हणाली, "मग सकाळी त्यांना सांगून टाका. ते तुमच्यावर रागावले तरी चालेल, पण मी त्यांच्या शेजारी राहते." पोर शहाणी आहे. आईवर गेली आहे.

सकाळी मी सिलिंडर उतरवला. वरच्या रिंगेचे एक टोक तुटले होते. भिंतीवर ओरखडा पडण्याआधी आवाज ऐकला म्हणून बचावलो. मग मी ज्याला आठवड्यापूर्वी हात लावला नव्हता ते केले: शाबूत रिंग वरच्या झिजलेल्या भागात बसवून फट मोजली. चाळीस थाऊ! नऊ वजा केले, एकतीस उरले, सव्वातीनने भागले. म्हणजे बोअर साधारण दहा थाऊ मोठा झाला होता. शेजाऱ्यांना बोलावून मी त्यांचे बोट धरले आणि आत फिरवले. "लागतो काठ?"

"लागतो."

"हा मला पहिल्या दिवशी लागला होता. मी तुम्हांला सांगितले नाही. तुमचे रिंगांचे पैसे माझ्यामुळे वाया गेले. ते मी देणार."

शेजारी काही न बोलता आत गेले. मला वाटले, आता फाटक दाखवतील. ते चहाचे दोन पेले घेऊन आले आणि कांद्यांच्या खोक्यावर टेकले.

"मी नवीन पोस्टमन होतो," ते म्हणाले. "वरच्या वाडीत एका घरी लग्न होते, आणि माझ्या थैलीत त्या घरचे काळ्या कडेचे पत्र होते. मी ते एक दिवस ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी दिले. त्या बाईने मला पुढे कधी क्षमा केली नाही, आणि तिचेच बरोबर होते. बातमी पोस्टमनची नसते हो, ज्याच्या नावाची असते त्याची असते." चहा संपवून ते म्हणाले, "आता सांगा, ह्याला खर्च किती?"

मी सांगितला, काही लपवले नाही. त्या पैशांत बॅटरीचे अर्ध्याहून अधिक यंत्र आले असते. त्यांनी खोक्यावर बोटांनी ताल धरला. "हे तर फुकट आले आहे," ते म्हणाले, "म्हणून तर परवडते."

तीस मैलांवर जुन्या मोटारसायकलींची इंजिने कापून देणारा एक कारागीर निघाला. तो माझ्याएवढाच म्हातारा; त्याच्याही दुकानात कोणी उमेदवार नव्हता. त्याने सिलिंडरवर नख फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. धंद्यातल्या माणसांना भाषा लागत नाही. वीस थाऊ वाढीव मापाचा पिस्टन जुन्या यंत्रांच्या शौकिनांकडून मिळाला. असे शौकीन त्या देशात पुष्कळ. १९९० पासून त्यांचा एक क्लब आहे, आणि साउथपोर्ट गावी तर नुसत्या ह्या यंत्रांचे संग्रहालय आहे.

सिलिंडर कापून येईपर्यंत जावयाने मला डर्स्लीला नेले. स्ट्राउडहून मोटारीने अर्धा तास. टेकडीच्या कुशीतले हे लहानसे गाव, आणि इथेच १८६७ साली रॉबर्ट ॲश्टन लिस्टरने कारखाना घातला. माझ्या आयुष्यभराच्या भाकरीचा उगम हा! आज तिथे कारखाना नाही. त्या जागी नव्या घरांची वसाहत आहे. एका घरापुढे एक पोरगा बॅटरीच्या यंत्राने गवत कापत होता. मला वाईट वाटायला हवे होते. पण गंमत वाटली. कारण बडिंगही अखेरच्या वर्षांत थ्रप सोडून ह्याच डर्स्लीला आला, रॉबर्टच्या बापाबरोबर, जॉर्ज लिस्टरबरोबर, त्याने काम केले, आणि १८४६ साली इथेच वारला. ज्याने माझा पाना घडवला तो, आणि ज्यांच्या इंजिनावर तो पाना फिरला ते, एकाच गावचे निघाले. कृष्णाकाठी विहिरीत कंदील सोडून मी जे नट आवळले, त्यांचा धागा इथवर येत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तिकिटाला पाच दिवस राहिले असताना सिलिंडर परतला. आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी होती; त्यात तेल धरून राहते आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळतात. मी आत नख फिरवले. वरपासून खालपर्यंत गुळगुळीत. मग शेजाऱ्यांचे बोट फिरवले. मग मुलीला बोलावले. तिने पदराऐवजी रुमाल नाकाला लावला, पण बोट फिरवले.

दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला इंजिन लागले. धूर नाही, खळखळ नाही, टिकटिक नाही. नव्या बोअरला पहिले काही तास जपावे लागते. पाती उंच ठेवून, अर्ध्या वेगाने, मध्ये थंड होऊ देत आम्ही दोन दिवस ते चालवले, आणि पहिले तेल लवकर बदलले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी पाती खाली घेतली आणि यंत्र हिरवळीवर लावले. गवताचा ओला वास दरीभर झाला. टोकाला पोचल्यावर त्यांनी वळून आपला पट्टा पाहिला, काही क्षण पाहतच राहिले, आणि पुन्हा दांडा धरला.

निघताना त्यांनी मला वडिलांच्या ड्रॉवरमधला एक व्हिटवर्थ पाना दिला. विमानतळावर तो कुठे जप्त होऊ नये म्हणून सौ.ने आपल्या मोठ्या पेटीत, पातळांच्या मध्ये, तेलकट फडक्यासकट ठेवला. हे मुद्दाम नमूद करतो, कारण ती लोकांना फक्त काळ्या हातांची हकीकत सांगते.

परवा त्यांचे पत्र आले. खरेखुरे, टपालाचे, तिकीट लावलेले. इंजिन उत्तम चालते, थेंबभर तेल जळत नाही, असे लिहिले आहे. खाली एक ओळ आहे: पट्टे अजूनही वाकडेच येतात, पण त्याचा दोष आता इंजिनावर टाकता येत नाही. सोबत फोटो आहे. पट्टे खरोखरच वाकडे आहेत. खोपीच्या दारातून आतले खोके दिसते. त्याच्यावर यंदाचे कांदे आहेत.